देवाची निंदा आणि माणसांचे कायदे



आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो जरा काट्याकुट्यांचा आहे. ईश्वरनिंदा, म्हणजे कुणाच्या देवाविषयी, धर्मग्रंथाविषयी किंवा धर्मपुरुषाविषयी वाईट बोलणे, हा गुन्हा मानावा काय, आणि मानला तर त्याचा न्याय कसा करावा, असा हा प्रश्न. हा विषय कुठेतरी लांबचा, पाकिस्तान-इराणातला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अशा प्रकारचा एक फार जुना आणि नावानिशी लिहून ठेवलेला खटला आपल्या ठाण्यातच झाला आहे.

ठाण्याहून घोडबंदराकडे निघाले की उजव्या हाताला, खाडीच्या अंगाला कोलशेत लागते. आता तिथे उंच उंच इमारती झाल्या आहेत, पण रेतीबंदरावर उभे राहिले की पाणी तेच आणि समोर भिवंडी तालुक्याची गावे तीच. ही खाडी एके काळी मोठ्या व्यापाराची वाट होती. ठाणे आणि सोपारा ही बंदरे अरबस्तान आणि इराणपर्यंत ठाऊक होती.

इ. स. 1321 सालची गोष्ट. दिल्लीच्या गादीवर गियासुद्दीन तुघलक होता आणि ठाण्यात त्या सत्तेचा एक मलिक, म्हणजे सुभेदार, आणि न्यायाला एक काजी असे. त्या साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास उतरले. तोलेंतिनोचा तोमास, पादुआचा याकोब, सिएनाचा पेद्रो आणि तिफ्लिसचा देमेत्रियुस. त्यांना जायचे होते चीनला, त्याआधी कोल्लमला. पण वाऱ्याने म्हणा, खलाशांच्या मर्जीने म्हणा, जहाज लागले ठाण्याला. तेथे नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांची थोडी घरे होती, त्यांतल्या एका घरी ते उतरले.

आता पुढचे नीट ऐका, कारण सगळी गोम तिथेच आहे. ज्या घरी ते उतरले त्या घरात एके रात्री नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारले. सकाळी ती बाई काजीकडे फिर्याद घेऊन गेली. काजीने विचारले, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्या घरी चार फिरंगी साधू उतरले आहेत, त्यांनी पाहिले आहे. म्हणून साधूंना बोलावणे गेले. बाईच्या फिर्यादीचे काय झाले कोण जाणे! दरबारात धर्मचर्चा सुरू झाली. येशू हा देव की माणूस, यावर वाद झाला. आणि मग त्यांना सरळ प्रश्न टाकण्यात आला, आमच्या पैगंबराविषयी तुमचे मत काय? साधूंनी प्रथम टाळाटाळ केली. पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा तोमासाने जे उत्तर दिले ते ऐकणाऱ्यांना असह्य झाले.

मग त्यांना कडक उन्हात बांधून ठेवले, मैदानात आग पेटवून तिच्यात लोटले. गोष्ट सांगणारा म्हणतो की याकोब आगीतून दोनदा न होरपळता बाहेर आला. हे ज्याचे त्याने मानावे. पण त्याने सांगितलेली पुढची गोष्ट मानायला काहीच अडचण नाही. सुभेदाराला हे प्रकरण वाढवायचे नव्हते. त्याने त्यांना गुपचूप खाडीपलीकडच्या वस्तीत पोचवले आणि सांगितले, बाबांनो, निघून जा. पण काजीने त्याचे मन फिरवले, हे सुटले तर धर्माची लाज गेली असे सांगितले. रात्री हत्यारबंद माणसे गेली. तोमास, याकोब आणि देमेत्रियुस मारले गेले, पेद्रो त्यानंतर दोन दिवसांनी. त्यांच्यापासून वेगळा पडलेला जॉर्डानुस नावाचा त्यांचा सोबती होता. त्याने त्यांची प्रेते सोपाऱ्यास पुरली. थोड्याच काळात ओदोरिक नावाचा साधू या वाटेने गेला, त्याने हा सारा वृत्तांत ऐकून लिहून ठेवला आणि अस्थी आपल्याबरोबर चीनला नेल्या. तोच पुढे सांगतो की ही बातमी दिल्लीस पोचल्यावर सुलतानाने त्या सुभेदारालाच जबर शिक्षा दिली.

मुसलमान राजवटीची बदनामी करावी म्हणून मी ही गोष्ट सांगत नाही. तसे करायचे असते तर सुलतानाने सुभेदाराला शिक्षा केली, हे मी गाळले असते. मला त्या खटल्याची वीण दाखवायची आहे. मूळ भांडण नवराबायकोचे. साधू आले साक्षीला. गुन्हा त्यांनी बाजारात उभे राहून केला नाही, तो प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून काढून घेतला. आणि ज्याच्या हाती सत्ता होती त्याला सोडून द्यायचे होते, पण लोक काय म्हणतील या धाकाने तो बदलला. पुढे सहाशे-सातशे वर्षांत जगभर असे जे खटले झाले त्यांपैकी पुष्कळांत या तीनही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

आता काळ बदलतो, राजा बदलतो. 1534 साली वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि साष्टी बेटाबरोबर ठाणे-कोलशेतही. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन बसले, म्हणजे धर्माविरुद्धच्या अपराधांची खास कचेरी. तिचा अंमल वसई-दमणपर्यंत चाले. मधली चार वर्षे सोडली तर 1812 पर्यंत ती होती. मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर तिचा डोळा असे, पण हिंदूंचे उघड धर्मविधीही गुन्ह्यात धरले जात.

या कचेरीचे काम आतून कसे चाले हे शार्ल देलों नावाच्या एका फ्रेंच वैद्याने लिहून ठेवले आहे. हा माणूस स्वतः ख्रिस्ती, रोमन कॅथलिक. दमणला राहायचा. गप्पा मारताना बाप्तिस्म्याच्या एका प्रकाराविषयी, मूर्तींच्या पूजेविषयी तो काहीबाही बोलला. इन्क्विझिशनविषयीही मोकळेपणाने बोलला. 1673 साली त्याला धरले आणि वसईमार्गे गोव्याच्या तुरुंगात नेले. तेथली रीत अशी की आरोपीला आरोप सांगायचाच नाही! साक्षीदार कोण तेही सांगायचे नाही. तूच आठव आणि तूच कबूल हो. बिचारा महिनोन्‌महिने आठवत बसला, आपण कधी, कुणाजवळ, काय बोललो. जानेवारी 1676 मध्ये त्याला शिक्षा झाली. मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालात गलबतावर पाच वर्षे सक्तमजुरी. पुढे तो लवकर सुटला आणि 1687 साली त्याने पुस्तक छापले. सारा युरोप ते वाचून हादरला.

त्या काळी कोलशेतच्या बंदरावर उभ्या असलेल्या कोळ्याचा विचार करा. अलीकडच्या तीरावर पोर्तुगीजांचा कायदा. पलीकडे भिवंडी-कल्याणात तो कायदा नाही. 1657 नंतर तर तिकडे शिवाजी महाराजांचा अंमल आला. एकच खाडी, एकच मासळी, पण अर्ध्या तासाच्या होडीच्या प्रवासात धर्माचा गुन्हा गुन्हा राहत नसे. समोरच्याच अंजूर गावच्या गंगाजी नाईकांनी फिरंग्यांच्या जुलमाची गाऱ्हाणी पेशव्यांच्या कानी घातली, असे बखरी सांगतात. 1737 साली ठाणे आणि 1739 साली वसई मराठ्यांनी घेतली. शरणागतीच्या कलमांत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक आहे, असे घातलेले होते. चिमाजी अप्पांच्या लढाईची पुष्कळ वर्णने आपण वाचतो, या कलमाचा उल्लेख मात्र आपल्या शाळांत फार कमी ऐकू येतो.

मग आपल्याकडे, आपल्या धर्मात, असे काही नव्हतेच काय? होते. फक्त त्याचे रूप निराळे होते. देवाला शिव्या दिल्या म्हणून आपल्याकडे कुणाला फासावर चढवल्याचे सहसा ऐकिवात नाही. उलट नामदेव आणि जनाबाई यांनी विठ्ठलाला इतके खडसावले आहे की परक्या माणसाला वाटावे, हे भक्त की वैरी? कीर्तनात बुवा ते रंगवून सांगतात आणि आपण माना डोलावतो. शिशुपालाचे शंभर अपराध तर म्हणीतच गेले आहेत. पण अधिकार नसताना कुणी देवाविषयी बोलला, तर तो मात्र अपराध. तुकोबांवर आळ काय होता? देवाची निंदा केली असा नव्हे. शूद्र असून वेदांचा अर्थ बोलतो, असा. परंपरा सांगते की त्यासाठी वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. आगरकरांची तर ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली. कायद्याचे कलम नव्हते, जातीचा बहिष्कार होता, आणि तो कलमापेक्षा सौम्य होता असे ज्याला वाटते त्याने बहिष्कृतांच्या घरी जाऊन विचारावे.

आता इंग्रजांचा काळ. खुद्द इंग्लंडात ईश्वरनिंदेचा कायदा होता, पण तो फक्त ख्रिस्ती धर्माचे, खरे म्हणजे त्यांच्या सरकारी चर्चच्या मताचे रक्षण करी. स्कॉटलंडात तर 1697 साली टॉमस एकनहेड नावाच्या विद्यार्थ्याला धर्माची टवाळी केली म्हणून फाशी दिले. मेकॉले हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा करायला बसला तेव्हा हा कायदा जसाच्या तसा इथे आणणे शक्य नव्हते. इतके धर्म, कुणाचा देव खरा हे सरकारने कसे ठरवायचे? त्याने युक्ती केली. देव बाजूला ठेवला आणि माणूस मध्ये घेतला. 1860 च्या संहितेत 295 ते 298 ही कलमे आली. देवळाची किंवा मशिदीची विटंबना, चाललेल्या पूजेत अडथळा, दफनभूमीत घुसखोरी, जाणूनबुजून मन दुखवणारे शब्द. हे सर्व धर्मांना सारखे लागू. थोडक्यात, गुन्हा देवाविरुद्ध नाही, शेजाऱ्याविरुद्ध आहे. मला ही कल्पना त्या काळाच्या मानाने शहाणपणाची वाटते, मग ती कुणाचीही असो.

परंतु 1924 साली लाहोरला एक पुस्तिका निघाली. पैगंबरांच्या खाजगी आयुष्याची त्यात टवाळी होती. प्रकाशक राजपाल यांच्यावर खटला झाला. 1927 साली लाहोर हायकोर्टाने त्यांना सोडले. न्यायमूर्तींचे म्हणणे असे की पुस्तिका वाईट आहे खरी, पण दोन समाजांत वैर माजवण्याचे जे कलम लावले आहे त्यात ती बसत नाही. मोठा क्षोभ झाला. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने 295-अ हे नवे कलम केले. त्या समितीत बसलेल्या जिनांनी बजावले होते की प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करणाराला या कलमाचा फास बसता कामा नये. म्हणून कलमात दोन शब्द मुद्दाम घातले. अपमान बुद्ध्या केलेला पाहिजे आणि दुष्ट हेतूने केलेला पाहिजे. राजपाल मात्र वाचले नाहीत. 1929 च्या एप्रिलमध्ये एका तरुणाने त्यांना दुकानातच भोसकले आणि तो तरुणही त्याच वर्षी फाशी गेला. कायदा केल्याने खून टळला नाही, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

1947 नंतर हे एकच पुस्तक दोन देशांत गेले. पाकिस्तानने 1982 साली त्यात 295-ब आणि 1986 साली 295-क घातले. पैगंबरांच्या अपमानाला देहदंड. आणि यात हेतूची अट नाही! 1927 साली ज्या दोन शब्दांसाठी घासाघीस झाली होती तेच गायब. 2009 साली तिथल्या एका खेड्यात शेतावर फळे वेचणाऱ्या बायकांत पाण्यावरून भांडण झाले. आसिया बीबी ही ख्रिस्ती मजूर बाई, तिने प्यायलेल्या भांड्याचे पाणी आम्ही पिणार नाही, असे इतर म्हणाल्या. हे असले भांडण, मायबहिणींनो, आपल्या पाणवठ्यावर झालेच नाही असे कुणी म्हणू नये. शब्दाने शब्द वाढला आणि आरोप आला ईश्वरनिंदेचा. 2010 साली फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना 2011 च्या जानेवारीत त्यांच्याच अंगरक्षकाने मारले. दोन महिन्यांत मंत्री शाहबाज भट्टी यांचा खून झाला. 2018 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. ठाण्याच्या त्या बाईची फिर्याद आणि हे पाण्याचे भांडण, दोहोंत जवळजवळ सातशे वर्षे आहेत.

इंग्लंडने आपला ईश्वरनिंदेचा कायदा 2008 साली रद्द केला. आयर्लंडने 2018 साली लोकमत घेऊन तो घटनेतून काढला. डेन्मार्कने 2017 साली काढला आणि 2023 साली धर्मग्रंथ जाळण्यावर नवी बंदी घातली. म्हणजे तिकडेही गाडी रुळावर सरळ चालली आहे असे नाही.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात 295-अ वैध ठरवले, पण सांगितले की अजाणता, निष्काळजीपणे, दुष्ट हेतू नसताना झालेला अपमान यात येत नाही. 1961 साली शिक्षा दोनाची तीन वर्षे झाली. आणि 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच कलम 299 या आकड्याने आहे. ते दोन शब्द शाबूत आहेत. नवे आले ते इलेक्ट्रॉनिक साधनांचे नाव, म्हणजे आपला मोबाईलही स्पष्टपणे त्यात आला.

कागदावर हे ठीक. व्यवहारात एक मेख आहे आणि ती खेड्यातल्या माणसाला ठाऊक असावी. या कलमाखाली पोलिसांना वॉरंटावाचून अटक करता येते आणि जामीन हक्काचा नाही, कोर्टाच्या मर्जीचा. कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, ही चाळणी चांगली आहे. पण चाळणी येते मागाहून, बेड्या येतात आधी. क्रिकेटपटू धोनीचेच बघा. 2013 साली एका मासिकाने त्याला विष्णूच्या रूपात मुखपृष्ठावर छापले. फिर्याद झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने, यात दुष्ट हेतू नाही, असे म्हणून खटला रद्द केला तेव्हा 2017 साल उजाडले होते. धोनीपाशी वकील होते. शाळामास्तरापाशी कोण असतो?

आणि पुष्कळदा कलमाची गरजही पडत नाही. आनंद यादवांनी तुकोबांवर कादंबरी लिहिली. वारकऱ्यांची मने दुखावली. लेखकाने माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी 2009 साली महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निवडून मिळालेले अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. वारकऱ्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. तुकोबा त्यांच्या घरातले आहेत. पण कादंबरीत काय चुकले याची उघड, ओळीओळीवर चर्चा झाली असती तर तुकोबांविषयी चार गोष्टी सर्वांना अधिक कळल्या असत्या. 1989 च्या फेब्रुवारीत रश्दींच्या पुस्तकावरून मुंबईत मोर्चा निघाला आणि गोळीबारात माणसे मेली. ते पुस्तक आयात करायला बंदी घालणारा 1988 चा हुकूम 2024 साली दिल्लीच्या हायकोर्टात मागितला, तर तो कुठल्याच कचेरीत सापडेना!

शिक्षक मंडळी हे भाषण ऐकत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. एकनाथ महाराजांचे हिंदू-तुर्क संवाद नावाचे एक भारूड आहे. गोव्यात इन्क्विझिशन बसले तेव्हा पैठणला नाथ ऐन तारुण्यात होते. या भारुडात एक हिंदू आणि एक मुसलमान भर रस्त्यात भांडतात. दोघेही एकमेकांच्या देवाची, पूजेची, धर्मकथांची अशी काही उलटतपासणी करतात की आज ऐकणाराच्या कपाळाला आठी पडावी. कोणी माघार घेत नाही. अखेर बोलता बोलताच दोघांना उमगते की वाद घालणारे दोन असले तरी ज्याच्याविषयी वाद आहे तो एकच, आणि दोघे एकमेकांना वंदन करतात.

हे भारूड स्नेहसंमेलनात बसवायचे का, असे एखादे गुरुजी किंवा बाई विचारतील. माझे मत, जरूर बसवा. नाथांच्या रचनेत, शेवटच्या वंदनासकट, दुष्ट हेतू शोधूनही सापडणार नाही. मात्र आधी गावातल्या दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तालीम दाखवा. हिंदूचे काम मुसलमान मुलाला आणि तुर्काचे काम हिंदू मुलाला दिलेत तर फारच छान. कात्री लावू नका. शेवट तर मुळीच गाळू नका. आणि प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांना हात जोडून सांगा, की मोबाईलवर टिपायचे असेल तर सारे टिपा, पहिली पाच मिनिटे टिपून गावभर पाठवू नका. कारण भारुडाची पहिली पाच मिनिटे तेवढीच कुणी ऐकली, तर ती नाथांची आहेत हे त्याला कोण सांगणार?